मिक्सोकॉकसचे रिव्हर्सल दर आठवड्याला वेगळे येतात: दोष कुठे शोधायचा

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. मिक्सोकॉकस झॅन्थस या पृष्ठभागावर सरकणाऱ्या जिवाणूचा नवा म्यूटंट (जनुक बदललेला स्ट्रेन) बनवला, प्लेटवर त्याची पसरण कमी दिसली, स्लाइडवर मात्र पेशी हलत होत्या. रिव्हर्सल, म्हणजे पेशीने सरकण्याची दिशा उलट करणे, मोजले तर पहिल्या खेपेला भरपूर, पुढच्या खेपेला जवळजवळ शून्य. मूळ जनुक परत घातले तरी फरक अर्धाच भरून निघाला. कधी वाइल्ड टाइपचाच, म्हणजे न बदललेल्या मूळ स्ट्रेनचाच, आकडा घसरलेला असतो, आणि तेव्हा म्यूटंटविषयी बोलण्यात काही अर्थच उरत नाही.

अशा वेळी लगेच नव्या प्रायमरची ऑर्डर देऊ नका. उलट फिरणे ही तीन थरांची गोष्ट आहे: इंजिन, स्विच आणि स्विचला मिळणारा संकेत. कोणत्याही थरातला बिघाड प्लेटवर सारखाच दिसतो, तो म्हणजे लहान कॉलनी. शिवाय अगार, ऑक्सिजन, प्रकाश आणि मोजणीची पद्धत यातली कोणतीही गोष्ट या तिन्ही थरांची नक्कल करू शकते. म्हणून तपासणी खालून वर करायची. आधी स्ट्रेन आणि पृष्ठभाग पाहायचा, मग इंजिन, मग स्विच आणि शेवटी संकेत. बहुतेक जण नेमके उलट जातात आणि संकेत देणाऱ्या फ्रिझ जनुकांपासून सुरुवात करतात.

यंत्रणा, लागेल तेवढीच

पेशी साधारण ५ ते ७ मायक्रोमीटर लांब आणि अर्धा मायक्रोमीटर जाड असते. तिला फ्लॅजेलम नसतो. इंजिने दोन आहेत, आणि जनुकीय दृष्ट्या ती वेगळी आहेत हे हॉजकिन आणि कैसर यांनी १९७९ मध्ये दाखवले. ए इंजिन, म्हणजे अ‍ॅडव्हेंचरस, एकट्या पेशीला सरकवते. एजीएल आणि जीएलटी प्रथिनांचा संच पुढच्या ध्रुवावर, म्हणजे पेशीच्या पुढच्या टोकाशी, जुळतो, पृष्ठभागाला धरून एका जागी राहतो, पेशी त्याच्यावरून पुढे जाते आणि मागच्या ध्रुवाशी तो सुटतो. त्याची मोटर एजीएल-आर, क्यू आणि एस यांची असून ती प्रोटॉनच्या प्रवाहावर चालते. एस इंजिन, म्हणजे सोशल, टाइप-४ पिलायवर, म्हणजे पेशीबाहेर पडणाऱ्या बारीक तंतूंवर, चालते. पुढच्या ध्रुवावरून पिलस बाहेर पडतो, शेजाऱ्याच्या किंवा पृष्ठभागावरच्या एक्सोपॉलिसॅकराइडला (पेशीबाहेरच्या चिकट शर्करेला) चिकटतो आणि पिल-टी हे प्रथिन त्याला आत ओढते. ए इंजिनाचा वेग मिनिटाला २ ते ४ मायक्रोमीटर असतो. एस इंजिन २० मायक्रोमीटरपर्यंतही जाते.

स्विच म्हणजे एमजीएल-ए हे रास कुळातले लहान जीटीपीएज, म्हणजे जीटीपी हा रेणू धरला की चालू आणि तो तोडून जीडीपी झाला की बंद होणारे प्रथिन. जीटीपी धरलेले एमजीएल-ए पुढच्या ध्रुवावर बसते आणि दोन्ही इंजिने तिथे चालू ठेवते. रॉम-आर आणि रॉम-एक्स मिळून त्याला जीटीपी भरून देतात. एमजीएल-बी रॉम-वायच्या मदतीने मागच्या ध्रुवावर तो जीटीपी तोडायला लावते. रिव्हर्सल म्हणजे या प्रथिनांनी ध्रुव बदलणे. पेशी वळत नाही, तिचे पुढचे टोक मागचे होते.

संकेत देते ती फ्रिझ साखळी. फ्रिझ-सीडी हा पेशीद्रवातला ग्राहक, फ्रिझ-ए जोडणी करणारे, फ्रिझ-ई कायनेज, फ्रिझ-एफ मिथाइल लावणारे, फ्रिझ-जी काढणारे. फ्रिझ-झेड आणि फ्रिझ-एक्स हे निरोप ध्रुवांपर्यंत नेतात. फ्रिझ-एक्स मागच्या ध्रुवावर काम करते, फ्रिझ-झेड पुढच्या. एमजीएल-ए झटकन जागा बदलते, रॉम-आर सावकाश. मागच्या ध्रुवावर पुरेसे रॉम-आर जमेपर्यंत पेशी पुन्हा उलटू शकत नाही, संकेत कितीही जोरात असला तरी. म्हणून जास्तीत जास्त रिव्हर्सललाही एक छत असते. कुठल्या म्यूटंटमध्ये ते ओलांडलेले दिसले तर आधी मोजणीवर संशय घ्या.

तुलनेसाठी तीन आकडे जवळ ठेवा. ब्लॅकहार्ट आणि झुस्मन यांनी १९८५ मध्ये मोजल्याप्रमाणे वाइल्ड टाइप सरासरी ६.८ मिनिटांनी उलटतो, बहुतेक फ्रिझ म्यूटंट सुमारे दोन तासांतून एकदा, आणि तेव्हा फ्रिझ-डी म्हटला गेलेला म्यूटंट दर २.२ मिनिटांनी. हा शेवटचा म्हणजे फ्रिझ-सीडीचे शेपूट कापले जाऊन सतत चालू राहिलेला ग्राहक. तुमच्या वाइल्ड टाइपचा आकडा ७ ते १० मिनिटांच्या आसपास नसेल तर म्यूटंटची फिल्म काढण्यात वेळ घालवू नका.

स्ट्रेन: फ्रीझरमधून काढतानाच होणारी चूक

पिलाय आणि एक्सोपॉलिसॅकराइड असलेल्या पेशी द्रव माध्यमात गुठळ्या करतात आणि फ्लास्कच्या काचेला चिकटतात. रोज वरचे मोकळे द्रव उचलून पुढच्या फ्लास्कमध्ये टाकत गेलात की कमी चिकट, म्हणजे एस इंजिन कमकुवत झालेल्या पेशींची निवड आपोआप होते. कल्चर छान एकसंध वाढू लागले याचा आनंद मानू नका, ती धोक्याची खूण आहे. दर प्रयोगाला फ्रीझरमधून नवी रेघ ओढा आणि द्रव कल्चर दोन-तीनपेक्षा जास्त वेळा नव्या फ्लास्कमध्ये नेऊ नका.

पार्श्वभूमी तपासा. डीके१०१, ज्याला डीझेडएफ१ असेही म्हणतात, त्यात पिल-क्यू१ हे उत्परिवर्तन आहे. त्यामुळे तो द्रवात विखुरलेला वाढतो आणि त्याचे एस इंजिन अर्धवट असते. डीके१६२२ मध्ये दोन्ही इंजिने पूर्ण आहेत. जुना फ्रिझ म्यूटंट एका पार्श्वभूमीतला आणि कंट्रोल दुसऱ्यातला, असे घडले की पसरणीतला सगळा फरक पिल-क्यूचा निघू शकतो. डीझेड२ हा दुसरा वाइल्ड टाइप आणि डीके१६२२ यांचीही सरमिसळ करू नका.

कॉलनीचा रंगही पाहा. मिक्सोकॉकसमध्ये पिवळी आणि फिकट तपकिरी अशी अदलाबदल होते. रेघ ओढलेल्या प्लेटवर दोन्ही दिसल्या तर पिवळी, कडा विस्कटलेली कॉलनी घ्या. वाइल्ड टाइप आणि म्यूटंट दोन्हींसाठी एकाच रंगाची घ्या.

प्लेट

०.५ टक्के अगारवर एस इंजिन जास्त दिसते, १.५ टक्क्यांवर ए. शी आणि झुस्मन यांनी १९९३ मध्ये दाखवलेला हा फरक अजूनही सगळ्यात स्वस्त चाचणी आहे, फक्त प्लेट ओतण्यात शिस्त हवी.

माध्यम: कॅसिटोन ०.५ टक्के, ट्रिस १० मिलिमोलर पीएच ८.०, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट १ मिलिमोलर, मॅग्नेशियम सल्फेट ८ मिलिमोलर. कॅसिटोन १ टक्का ठेवला तर वाढ जोरात होते आणि वाढीने झालेला विस्तार हालचालीच्या विस्तारात मिसळतो. ९ सेंटिमीटरच्या प्रत्येक प्लेटमध्ये मोजून २५ मिली ओता. डोळ्याच्या अंदाजाने ओतलेल्या पातळ प्लेटा लवकर सुकतात आणि एस इंजिन बसते.

पेशी घातांकीय वाढीत असतानाच घ्या. सेंट्रिफ्यूज करून १ टक्का सीटीटीमध्ये (वरचेच माध्यम, पण कॅसिटोन १ टक्का आणि अगारविना) मिलीला ७ × १०^९ इतक्या घनतेला आणा आणि ५ मायक्रोलिटरचा थेंब ठेवा. म्हणजे थेंबात साडेतीन कोटी पेशी आल्या. थेंब पूर्ण शोषला गेल्यावरच प्लेट हलवा. ३२ अंश सेल्सिअसला २४ तास ठेवून कडा पाहा, व्यास हवा असेल तर ४८ तासांनी पुन्हा मोजा आणि थेंबाचा मूळ व्यास वजा करा. ही वजाबाकी विसरली की निश्चल स्ट्रेनही ‘थोडा पसरला’ असा नोंदला जातो.

इथे नेहमी बिघडणाऱ्या गोष्टी:

- अगार पुन्हा पुन्हा वितळवणे. प्रत्येक वेळी पाणी उडते आणि ०.५ टक्क्याची बाटली हळूहळू कडक होत जाते. एकदा वितळवलेली बाटली त्याच दिवशी संपवा.
- झाकण उघडे ठेवून वाळवण्याचा काळ. १० ते १५ मिनिटे पुरतात, पण सगळ्या प्लेटांना तेवढीच द्या. ओल्या प्लेटवर थेंब वाहतो आणि सगळीकडे गुळगुळीत पसरतो. ती पोहोच पेशींची नव्हे, पाण्याची. जास्त वाळलेल्या प्लेटवर वाइल्ड टाइपचेही पंख्यासारखे झुपके गायब होतात.
- अगार किंवा कॅसिटोनचा नवा डबा. जुन्या आणि नव्या डब्याच्या प्लेटांवर वाइल्ड टाइप शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय दोन महिन्यांचे आकडे एका तक्त्यात घालू नका.

व्यासापेक्षा कडा जास्त बोलते. २४ तासांनी ४० ते १०० पट मोठी करून पाहा. १.५ टक्क्यावर कडेबाहेर एकेकट्या पेशी दिसल्या तर ए इंजिन चालू आहे. एकटी पेशी नाही पण लहान गटांचे झुपके आहेत, तर फक्त एस. दोन्ही नाहीत आणि कडा सुरीने कापल्यासारखी, तर दोन्ही इंजिने बंद असू शकतात. असू शकतात म्हणायचे कारण, सतत उलटणारा म्यूटंटही तशीच कडा देतो. हिशेब करा: मिनिटाला ३ मायक्रोमीटर वेग आणि दर २.२ मिनिटांनी रिव्हर्सल, म्हणजे एका दिशेत साडेसहा मायक्रोमीटर, जेमतेम एक पेशीभर. अशी पेशी जागच्या जागी पुढेमागे करते आणि कॉलनी पसरत नाही. एमजीएल-बी काढलेले कितीतरी स्ट्रेन ‘निश्चल’ असे लेबल लावून फ्रीझरमध्ये पडलेले असतात. उलट टोकाला, फ्रिझ-ई नसलेल्या पेशी लांब वळणदार रेघा काढत जातात, तरीही त्यांची कॉलनी वाइल्ड टाइपपेक्षा लहानच राहते. म्हणजे व्यास कमी झाला यावरून रिव्हर्सल वाढले की घटले हे कळत नाही. तेवढ्यासाठी स्लाइड लागतेच.

स्लाइड

टीपीएम बफरमध्ये (ट्रिस १० मिलिमोलर, फॉस्फेट १ मिलिमोलर, मॅग्नेशियम सल्फेट ८ मिलिमोलर) १.५ टक्के अगारचा पातळ तुकडा करा, त्यावर विरळ कल्चरचा थेंब ठेवा, शोषू द्या, कव्हरस्लिप टेका आणि ३२ अंशाला अर्धा तास बसू द्या. पहिल्या काही मिनिटांत पेशी धक्क्यातून सावरत असतात. त्या काळातले आकडे टाकून द्या.

हा जिवाणू पूर्ण वायुजीवी आहे. कव्हरस्लिपच्या चारही कडा बंद केल्या की पेशी उरलेला ऑक्सिजन वापरतात, प्रोटॉनचा प्रवाह पडतो, ए इंजिन मंदावते आणि फिल्मच्या शेवटी रिव्हर्सल कमी झालेले दिसतात. ओळखायला सोपे आहे: पहिल्या दहा मिनिटांचा आणि शेवटच्या दहा मिनिटांचा वेग वेगवेगळा काढा. वेग पडत असेल तर रिव्हर्सलचा आकडा बाद. दोन कडा उघड्या ठेवा किंवा हवा जाऊ देणारी चौकट वापरा.

निळा प्रकाश हा दुसरा शत्रू. पेशींमध्ये साठलेले प्रोटोपॉर्फिरिन-९ निळा प्रकाश शोषते आणि पेशी फुटतात, विशेषतः कल्चर जुने असेल तेव्हा. फेज कॉन्ट्रास्टसाठी लाल फिल्टर लावा. दर ३० सेकंदांनी जीएफपीचे (हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचे) चित्र घेणार असाल तर शेजारच्या, प्रकाश न पडलेल्या भागात फेजची फिल्म काढून वेग जुळतो का ते बघा. जुळला नाही तर एक्सपोजर कमी करा.

घनता एकसारखी ठेवा. पेशी एकमेकींना भिडल्या की रिव्हर्सल बदलतात, त्यामुळे विरळ वाइल्ड टाइप आणि दाट म्यूटंट यांची तुलना निरर्थक. आणखी एक सापळा: ए इंजिन नसलेल्या पेशी कडक अगारवर एकट्या पडल्या तर हलतच नाहीत, कारण पिलायला धरायला शेजारी नसतो. त्यांना ‘रिव्हर्सल शून्य’ म्हणणे चूक आहे. एस इंजिन वेगळे पाहायचे असेल तर पॉलिस्टायरिनच्या पृष्ठभागावर १ टक्का मिथाइलसेल्युलोज वापरा. तिथे एस चालते, ए चालत नाही. ए इंजिन काचेवर पाहायचे तर काचेला कायटोसनचा थर द्यावा लागतो. उघड्या काचेवर पेशी नुसत्या डोलतात.

मोजणी: बहुतेक घोळ इथेच

ज्या आकड्यावरून लोक नवे जनुक जाहीर करतात तो बऱ्याचदा फिल्मच्या लांबीवर अवलंबून असतो. १० मिनिटांच्या फिल्ममध्ये दोन रिव्हर्सलमधले अंतर मोजलेत तर फक्त लहान अंतरेच सापडतील. २० मिनिटांचे अंतर त्या खिडकीत मावतच नाही. वाइल्ड टाइपची सरासरी मग ३-४ मिनिटांवर येते आणि फ्रिझ म्यूटंटचा आकडा निघतच नाही. म्हणून अंतरांची सरासरी काढू नका. सगळ्या पेशींचे मिळून एकूण रिव्हर्सल मोजा आणि सगळ्या पेशींच्या पाठलागाच्या एकूण मिनिटांनी भागा.

किती पेशी लागतील? समजा ६० पेशी, प्रत्येकी ३० मिनिटे, म्हणजे १८०० पेशी-मिनिटे. वाइल्ड टाइप ७ मिनिटांना एक या दराने सुमारे २५७ रिव्हर्सल देईल. फ्रिझ म्यूटंट १२० मिनिटांना एक या दराने फक्त १५. पंधराच्या आकड्यावर दोन फ्रिझ म्यूटंटमधला फरक सांगता येत नाही. तसा दावा करायचा असेल तर पेशी चौपट करा.

फ्रेममधले अंतर ३० सेकंद ठेवा. एक मिनिट ठेवलेत तर २.२ मिनिटांनी उलटणाऱ्या पेशीचे कितीतरी रिव्हर्सल दोन फ्रेमच्या मध्येच घडून जातील. खूप लहान अंतरही नको. ५ सेकंदांत ३ मायक्रोमीटर प्रतिमिनिट वेगाची पेशी पाव मायक्रोमीटर सरकते, आणि केंद्रबिंदू शोधणाऱ्या प्रोग्रामचा थरथराट त्याच मापाचा असतो. मग उभी असलेली पेशीही दर फ्रेमला ‘उलटते’.

रिव्हर्सल कशाला म्हणायचे हे फिल्म उघडण्यापूर्वी लिहून ठेवा. चालणारी व्याख्या अशी: आधीच्या दिशेत निदान दोन फ्रेम सलग पुढे, मग विरुद्ध दिशेत निदान दोन फ्रेम सलग, आणि दोन्हीकडे किमान एक मायक्रोमीटर. पेशी थांबली आणि त्याच दिशेने निघाली तर तो थांबा. पिलस सुटल्यावर एस पेशी जरा मागे झटकते, तोही रिव्हर्सल नव्हे. लांब पेशी वाकून गोल वळली तर तिचे पुढचे टोक पुढचेच राहते, पण केंद्रबिंदूचा आलेख हुबेहूब रिव्हर्सलसारखा दिसतो. शंका असेल तिथे ध्रुवाची खूण वापरा. फ्रिझ-एस आणि एजीएल-झेड पुढच्या ध्रुवावर जास्त असतात, रॉम-आरचा मोठा ठिपका मागच्या. खऱ्या रिव्हर्सलमध्ये ठिपका ध्रुव बदलतो. थांब्यात किंवा वळणात बदलत नाही.

मोजणाऱ्याला कोणती फिल्म कुठल्या स्ट्रेनची हे माहीत नसावे. फाइलींची नावे दुसऱ्याकडून बदलून घ्या.

स्विच की संकेत: आयसोअमाइल अल्कोहोलची चाचणी

इंजिन चालू आहे आणि मोजणी भरवशाची आहे, एवढे पक्के झाल्यावरच इथे या. आयसोअमाइल अल्कोहोल फ्रिझ साखळीमार्फत रिव्हर्सल वाढवते. टीपीएम अगार वितळवून ५५ अंशाच्या आसपास आणा, मग ०, ०.०३, ०.०६ आणि ०.१५ टक्के अशा मात्रा घाला, चांगले ढवळा आणि लगेच तुकडे ओता. ते उडून जाते, म्हणून उकळत्या अगारात घालू नका आणि कालचे तुकडे आज वापरू नका. शून्य मात्रेचे तुकडे वेगळ्या डब्यात ठेवा, नाहीतर वाफ तिथेही पोहोचते. प्रत्येक मात्रेला वेगही मोजा. मात्रा चढली आणि वेग पडला तर तो विषारी परिणाम आहे, संकेत नव्हे.

आता वाचन. वाइल्ड टाइपमध्ये मात्रेबरोबर रिव्हर्सल वाढले पाहिजेत आणि फ्रिझ-ई नसलेल्यात ढिम्म राहिले पाहिजेत. हे दोन कंट्रोल चालले नाहीत तर चाचणीच झालेली नाही.

तुमचा म्यूटंट कमी उलटत असेल पण अल्कोहोलला वाइल्ड टाइपसारखा प्रतिसाद देत असेल, तर फ्रिझ साखळी आणि स्विच दोन्ही शाबूत आहेत. ग्राहकाला मिळणारी चेतना कमी आहे, किंवा एक्सोपॉलिसॅकराइड, घनता, उपासमार यांतले काही बदलले आहे. उपासमारीत फ्रिझ-सीडीचे मिथाइलेशन बदलते, त्यामुळे टीपीएमवर तासन्‌तास ठेवलेल्या पेशी ताज्या पेशींशी तोलू नका.

मुळीच प्रतिसाद नसेल तर त्याच पार्श्वभूमीत एमजीएल-बी काढा. एमजीएल-बी गेले की जीटीपी धरलेले एमजीएल-ए दोन्ही ध्रुवांवर राहते आणि पेशी फ्रिझविनाही सतत उलटते. तुमचा म्यूटंट आता भराभर उलटू लागला तर स्विच आणि इंजिन ठीक आहेत, दोष वर फ्रिझमध्ये आहे. तरीही शांत राहिला तर रॉम-आर, रॉम-एक्स किंवा एमजीएल-ए स्वतः, यांच्याकडे वळा.

जास्त उलटणाऱ्या म्यूटंटसाठी प्रश्न उलटा विचारा: त्यात फ्रिझ-ई काढा. उलटणे थांबले तर जास्तीचा संकेत फ्रिझमधून येत होता. चालूच राहिले तर बिघाड स्विचमध्ये आहे, जसे एमजीएल-एच्या ८२व्या जागी ग्लुटामिन बदलून जीटीपी अडकवलेल्या रूपात होते.

एक बारकावा. फ्रिझ-झेड संकेताला जोर देणारे आहे, अनिवार्य नव्हे. फ्रिझ-झेड नसलेल्या पेशी कमी मात्रेला गप्प राहतात आणि जास्त मात्रेला उलटतात. फ्रिझ-एक्स नसेल तर जास्त मात्रेलाही उलटत नाहीत. एकाच मात्रेवर चाचणी केलीत तर या दोघांची गल्लत होईल.

जनुक परत घातले तरी फरक भरून निघत नाही

सगळ्यात नेहमीचे कारण ऑपेरॉन, म्हणजे एकत्र वाचली जाणारी जनुकांची ओळ. एमजीएल-बी आधी आणि एमजीएल-ए नंतर, असे ते एकाच ऑपेरॉनमध्ये आहेत. एमजीएल-बीमध्ये प्लाझ्मिड किंवा प्रतिजैविकाची कॅसेट घुसवली की खालचे एमजीएल-एही बंद पडते आणि भराभर उलटणाऱ्या पेशीऐवजी पूर्ण निश्चल पेशी मिळते. मग एमजीएल-बी एकटे परत घालून काहीच सुधारत नाही. उपाय म्हणजे वाचनचौकट न मोडता काढलेला भाग आणि २२ किलोडाल्टनच्या एमजीएल-एसाठी इम्युनोब्लॉट. फ्रिझ-ए ते फ्रिझ-जी यांनाही हाच नियम. फ्रिझ-ए मधल्या घुसवणीचा परिणाम फ्रिझ-ईच्या अभावाचा असू शकतो. फ्रिझ-झेड मात्र शेजारून विरुद्ध दिशेने वाचले जाते, ते या ओळीत येत नाही.

काढण्यासाठी दोन्ही बाजूंचे ५०० ते १००० बेसचे तुकडे घ्या. जीनोममध्ये जी आणि सी मिळून सुमारे ६९ टक्के असल्याने पीसीआरमध्ये ५ ते १० टक्के डीएमएसओ घालावे लागते. कॅनामायसिन ४० ते ५० मायक्रोग्रॅम प्रतिमिलीवर पहिली जोड (प्लाझ्मिड जीनोममध्ये शिरण्याची) निवडा, मग गॅल-के (गॅलॅक्टोज घातक ठरवणारे जनुक) असलेल्या प्लाझ्मिडसाठी २.५ टक्के गॅलॅक्टोजवर दुसरी (प्लाझ्मिड बाहेर पडण्याची). तपासणीचे प्रायमर दोन्ही तुकड्यांच्या बाहेर हवेत. दुसऱ्या जोडीनंतर सगळ्या कॉलन्या वाइल्ड टाइपच निघत असतील तर जनुक जगण्याला लागते, किंवा तुकड्यांच्या लांबीत मोठी तफावत आहे. गॅलॅक्टोजवर वाढूनही कॅनामायसिनला दाद न देणाऱ्या कॉलन्या म्हणजे गॅल-के बिघडलेले नमुने. त्या टाकून द्या.

एकाच जोडीने बनवलेला म्यूटंट प्रतिजैविकाविना वाढवला की प्लाझ्मिड बाहेर पडते आणि प्लेटवर दोन जातींच्या पेशी मिसळतात. स्लाइडवर काही पेशी वाइल्ड टाइपसारख्या आणि काही म्यूटंटसारख्या, अशी दोन शिखरे दिसली तर पहिला संशय हाच.

परत घालताना एमएक्स८ फाज (जिवाणूंचा विषाणू) जीनोममध्ये जिथे शिरतो ती अ‍ॅटबी जागा सोयीची, पण जनुकाबरोबर त्याचा स्वतःचा प्रमोटर गेला का ते पाहा. व्हॅनिलेटवर चालणारा प्रमोटर वापरत असाल तर ५०० मायक्रोमोलरवरून सुरुवात न करता खालून चढत जा. इथे प्रमाण सगळे ठरवते. एमजीएल-बी जास्त झाले की एमजीएल-ए जीडीपी रूपात जाते आणि पेशी थांबते, म्हणजे भरपाई करता करता नवा दोष तयार होतो. फ्लुरोसेंट शेपटी लावलेल्या प्रथिनाचेही तेच. शेपटी लावल्यावर पसरण आणि रिव्हर्सल वाइल्ड टाइपइतके आहेत हे दाखवल्याशिवाय ठिपका कुठे बसतो याला वजन नाही. एमजीएल-ए या बाबतीत विशेष नाजूक आहे.

दुसऱ्या सरकणाऱ्या जिवाणूंसाठी

ही यादी फ्लॅव्होबॅक्टेरियम जॉन्सोनीवर लावू नका. तिथे जीएलडी आणि एसपीआर जनुके, नवव्या प्रकारची स्रावप्रणाली आणि पृष्ठभागावरून पळणारे एसपीआर-बी आहे. वेग सेकंदाला दीड-दोन मायक्रोमीटर, म्हणजे ३० सेकंदांच्या फ्रेम तिथे निरुपयोगी. पसरण पाहायला अन्न कमी असलेले माध्यम लागते. भरपूर अन्नावर वाइल्ड टाइपही गोल कॉलनी करतो.

मिश्रणे आणि बाहेर फुटणारे झुपके

आतला कंट्रोल म्हणून रंगीत वाइल्ड टाइप आणि बिनरंगी म्यूटंट एकाच तुकड्यावर मिसळण्याची पद्धत चांगली आहे, पण इंजिनांना लागणाऱ्या सीजीएल-बी (ए) आणि टीजीएल (एस) यांच्या म्यूटंटसाठी घातक. ही दोन्ही लिपोप्रथिने बाह्य पटलांच्या देवाणघेवाणीतून शेजाऱ्याकडून मिळू शकतात. वाइल्ड टाइपला भिडलेला निश्चल म्यूटंट काही काळ चालू लागतो आणि हा गुण पुढच्या पिढ्यांत टिकत नाही. अशा मिश्रणात ट्रा-ए (या देवाणघेवाणीला लागणारे जनुक) काढलेला जोडीदार वापरा, नाहीतर सरळ दोन वेगळे तुकडे करा. स्ट्रेन ओळखीचा नसेल तर शेजारी वाइल्ड टाइप ठेवलेला आणि न ठेवलेला असे दोन्ही थेंब एकदा पाहून घ्या.

निश्चल थेंबातून चार-पाच दिवसांनी एका बाजूने झुपका फुटला तर ती हळू चालणारी हालचाल समजू नका. ते बहुधा नवे दडपणारे उत्परिवर्तन असते. एमजीएल-ए म्यूटंटमध्ये एस हालचाल परत आणणारे मास-के मधले उत्परिवर्तन असेच सापडले होते. झुपक्याच्या टोकावरून पेशी उचलून शुद्ध करा, त्यांना वेगळे नाव द्या, आणि मूळ स्ट्रेनचा साठा प्लेटच्या कडेवरून कधीही भरू नका. तो नव्या रेघेतल्या एकट्या कॉलनीवरून, घातांकीय वाढीतल्या कल्चरमध्ये ४ टक्के डीएमएसओ घालून उणे ८० अंशाला ठेवा.